नवजात जीव सजीव हालचाल कशी टिपतात: घरी आणि प्रयोगशाळेत निरीक्षण करण्याची पद्धत

नुकत्याच जन्मलेल्या जिवाला सगळ्या हलत्या वस्तू सारख्याच वाटत असणार, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. वाऱ्याने हलणारा पडदा, घरंगळत जाणारा चेंडू आणि चालत जवळ येणारी आई यांतला फरक ते मूल किंवा पिल्लू हळूहळू अनुभवाने शिकते, असे मानले जाई. गेल्या काही दशकांतल्या प्रयोगांनी हा समज बराच दुरुस्त केला आहे. पिल्लाला जन्मतः आई ठाऊक नसते, हे खरेच आहे. पण सजीवासारख्या हलणाऱ्या वस्तूकडे वळण्याची ओढ त्याच्यात आधीपासून असते, आणि या ओढीमुळे त्याची नजर योग्य ठिकाणी पोचल्यावर पुढचे शिक्षण झपाट्याने होते. ही ओढ स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागतात ते संयम, नीट आखलेली तुलना आणि दिसलेली गोष्ट तिच्या अर्थापासून वेगळी ठेवण्याची सवय. आईवडील, मानसशास्त्राचे किंवा प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि घरी पिल्ले उबवणारे अशा सर्वांना उपयोगी पडेल अशा रीतीने ही पद्धत पुढे मांडली आहे.

कशावर लक्ष ठेवायचे

सजीवपणाच्या तीन खुणांवर नवजात जीव प्रतिसाद देतात, असे प्रयोगांतून दिसले आहे. पहिली खूण सांध्यांच्या हालचालीची. चालणाऱ्या प्राण्याच्या शरीरात गुडघा आणि घोटा यांच्यामधले अंतर बदलत नाही, पण घोटा आणि दुसऱ्या पायाचा घोटा यांच्यातले अंतर सतत बदलत राहते. म्हणजे शरीराचे काही भाग एकमेकांशी जखडलेले असतात आणि काही मोकळे असतात. दगडात सगळेच जखडलेले असते, उडणाऱ्या पाचोळ्यात काहीच जखडलेले नसते. दुसरी खूण स्वतःहून सुरू होणाऱ्या हालचालीची: कुणी धक्का न देता हलू लागणे, मध्येच वेग वाढवणे किंवा कमी करणे. तिसरी खूण हालचालीची नसून मांडणीची आहे, ती म्हणजे चेहऱ्यासारखी रचना, जिच्या वरच्या भागात दोन गडद ठिपके आणि खाली एक असतो. निरीक्षण करताना या तिन्ही खुणा एकाच वेळी तपासू नयेत. प्रत्यक्ष आई समोर आली की तिन्ही खुणा एकत्र येतात, शिवाय तिचा वास आणि आवाजही येतो. त्यामुळे बाळ आईकडे पाहते यावरून त्याने नेमके काय टिपले हे कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी दोन अशा गोष्टींची तुलना करावी, ज्या एका बाबतीत वेगळ्या आणि बाकी सर्व बाबतींत शक्य तितक्या सारख्या आहेत.

आधी स्वतःच्या डोळ्यांची ओळख करून घ्यावी

नवजात जीवाकडे वळण्यापूर्वी सांध्यांच्या हालचालीत किती माहिती असते, हे निरीक्षकाने स्वतः अनुभवावे असे माझे आग्रहाचे मत आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसाच्या सांध्यांवर केवळ दहा-बारा तेजस्वी ठिपके लावले होते आणि बाकी सर्व अंधारात ठेवले होते. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना ठिपक्यांचा अर्थहीन पुंजका दिसे. तो चालू लागताच सर्वांना चालणारा माणूस दिसे. पुढच्या प्रयोगांत असेही आढळले की यासाठी पाव सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो.

अशी चित्रफीत घरी करता येते. काळे, अंगाला बसणारे कपडे घालून दोन्ही खांदे, कोपरे, मनगटे, नितंब, गुडघे आणि घोटे यांवर, तसेच कपाळाच्या मध्यभागी, प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्टीचे नाण्याएवढे तुकडे चिकटवावेत. खोली अंधारी करावी आणि दिवा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, त्याच दिशेने तोंड करून ठेवावा, कारण अशी पट्टी प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवते. दिवा बाजूला ठेवला तर ठिपके मंद दिसतात आणि शरीराची कड मात्र उजळते. कॅमेऱ्यात शिरणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण (एक्स्पोजर) इतके कमी करावे की ठिपक्यांखेरीज काहीही दिसणार नाही. माणसाने कॅमेऱ्यासमोरून आडवे, आपल्या नेहमीच्या चालीने जावे. हीच फीत संगणकावर उलटी करून, म्हणजे डोके खाली आणि पाय वर अशी, ती न पाहिलेल्या व्यक्तीला दाखवावी. सरळ फीत पाहणारा क्षणात "कुणीतरी चालते आहे" असे म्हणतो आणि उलटी पाहणारा बहुतेक वेळा अडखळतो. निकोलाउस ट्रोये आणि कॉर्ड वेस्टहोफ यांनी २००६ मध्ये दाखवले की ठिपक्यांची जागा विस्कटून टाकली, तरी चालण्याची दिशा ओळखता येते, मात्र पावलांचे ठिपके उलटे केले की ही क्षमता जाते. पाऊल उचलले जाते आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येते, त्या चढउताराच्या लयीतच सजीवपणाची एक मूळ खूण दडलेली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मला हा निष्कर्ष या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्राणी चार पायांचा असो वा दोन पायांचा, पावलाला गुरुत्वाकर्षण सारखेच लागू असते.

ही फीत तान्ह्या बाळाला दाखवू नये. इटलीतल्या पादुआ येथे फ्रांचेस्का सिमियोन, लुचिया रेगोलिन आणि हेर्मान बुल्फ यांनी दोन दिवसांच्या बाळांना ठिपक्यांची चालती कोंबडी दाखवली आणि बाळे निर्जीव हालचालीपेक्षा कोंबडीच्या चालीकडे, तसेच उलट्या कोंबडीपेक्षा सरळ कोंबडीकडे अधिक वेळ पाहतात, असे २००८ मध्ये प्रसिद्ध केले; परंतु तो प्रयोग प्रशिक्षित संशोधकांनी मोजक्या वेळात केलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक वर्षाखालील बाळांना पडद्यासमोर बसवू नये असे स्पष्ट म्हटले आहे. घरी निरीक्षण करायचे तर ते प्रत्यक्ष वस्तू आणि प्रत्यक्ष माणसे यांच्याच आधारे करावे, आणि त्यात गमावण्यासारखे काही नाही.

तान्ह्या बाळाचे निरीक्षण

येथे वेळेची निवड साधनांपेक्षा महत्त्वाची आहे. नवजात बाळ दिवसाचा बहुतेक भाग झोपेत, पेंगुळलेले, दूध पिताना किंवा रडताना घालवते. या सर्वांच्या मध्ये थोडा थोडा वेळ असा येतो की डोळे उघडे आणि चमकदार असतात, हातपाय जवळजवळ स्थिर असतात आणि श्वास संथ असतो. शांत जागेपणाची ही अवस्था आली तरच निरीक्षण करावे. ती नसेल तर त्या दिवशी सोडून द्यावे, बाळाला गुदगुल्या करून किंवा हलवून जागे करू नये. दूध पिऊन थोडा वेळ झालेला असावा, ढेकर निघालेला असावा. खोलीत प्रकाश मंद ठेवावा, कारण तीव्र उजेडात नवजात बाळ डोळे मिटून घेते, आणि बाळाच्या डोळ्यांवर दिवा, फ्लॅश किंवा मोबाइलची बत्ती कधीही रोखू नये.

बाळाला मांडीवर अर्धवट उभे, मानेला पूर्ण आधार देऊन धरावे. वस्तू त्याच्या डोळ्यांपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर असावी. या वयातली दृष्टी अस्पष्ट असते, बारीक तपशील दिसत नाहीत, पण मोठे गडद आकार आणि त्यांच्या कडा दिसतात. म्हणून रंगीत चित्रांपेक्षा पांढऱ्यावर काळे असे साधे कार्ड उपयोगी पडते. डोक्याच्या आकाराचे पांढरे पुठ्ठ्याचे कार्ड घ्यावे आणि त्यावर तीन काळे ठिपके काढावेत, वर दोन आणि खाली एक. हेच कार्ड फिरवले की वर एक आणि खाली दोन ठिपके येतात. ठिपके तेच, काळेपणा तेवढाच, फक्त मांडणी बदललेली, त्यामुळे दुसरे कार्ड करण्याची गरज नाही.

कार्ड प्रथम बाळाच्या बरोबर समोर धरावे आणि त्याची नजर त्यावर स्थिरावू द्यावी. मग ते एका बाजूला कमानीसारख्या वाटेने अतिशय सावकाश न्यावे. बाळाची नजर मोठ्या माणसाप्रमाणे वस्तूबरोबर सलग सरकत नाही. ती आधी मागे राहते, मग एक छोटी उडी घेऊन कार्डापर्यंत पोचते, थांबते, पुन्हा उडी घेते. काही वेळा डोळ्यांपाठोपाठ मानही वळते. म्हणून कार्ड घाईने नेल्यास बाळाला दिसत नाही असा चुकीचा समज होतो. लक्ष लागल्याची खूण डोळ्यांपुरती नसते: ओठांची चाळवाचाळव थांबते, पापण्या थोड्या अधिक उघडतात, मुठी सैल होतात. लक्ष सुटल्यावर बाळ तोंड फिरवते, जांभई देते किंवा कण्हते, आणि अशा वेळी लगेच थांबावे. एका बैठकीत दोन-तीन फेऱ्या पुरेत.

याच प्रकारचा प्रयोग कॅरोलिन गोरेन, मेरिल सार्टी आणि पॉल वू यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यांची बाळे जन्मून सरासरी नऊ मिनिटे झाली होती आणि ती चेहऱ्यासारख्या मांडणीमागे अधिक दूरपर्यंत नजर व मान वळवत होती. मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हा प्रयोग पुन्हा करून जन्मानंतरच्या पहिल्या तासात ही ओढ असल्याचे दाखवले, आणि महिना उलटल्यावर हलत्या कार्डामागे नजर नेण्याचे प्रमाण घटते हेही नोंदवले. आईवडिलांनी ही दुसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पाच-सहा आठवड्यांच्या बाळाने कार्डाकडे दुर्लक्ष केले तर ते मागे पडले असे मानण्याचे कारण नाही. मेंदूतल्या जुन्या, जलद मार्गांचे काम त्या सुमारास बाह्यपटलाकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, जाऊ लागते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. त्याच काळात बाळ खऱ्या चेहऱ्याकडे रोखून पाहू लागते आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत समोरच्याला प्रतिसाद म्हणून हसू लागते.

निरीक्षकाच्या मनातली अपेक्षा निकालात शिरू नये यासाठी काम दोघांत वाटून घ्यावे. एकाने कार्ड धरावे. दुसऱ्याने कार्डाची फक्त पाठ दिसेल अशा ठिकाणी बसून बाळाची नजर कुठवर गेली एवढेच टिपावे. कार्ड सरळ की उलटे, हे त्याला नंतर सांगावे. मोबाइलवर चित्रण करत असल्यास चौकटीत बाळाचा चेहरा असावा, कार्ड नसावे. कार्ड धरणाऱ्याने बोलू नये, हसू नये आणि शक्यतो स्वतःचा चेहरा बाळाच्या नजरेच्या वाटेत आणू नये. आईचा आवाज नवजात बाळाला ओळखू येतो, हे अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवले आहे, त्यामुळे एक शब्दही तुलना बिघडवू शकतो. दोन वस्तू शेजारी शेजारी दाखवायच्या असतील तर १९६० च्या सुमारास रॉबर्ट फँट्झ यांनी वापरलेली युक्ती करून पाहावी: बाळाच्या डोळ्यातल्या बाहुलीवर कोणत्या वस्तूचे प्रतिबिंब पडले आहे ते जवळून पाहिले की त्याची नजर कुठे आहे ते कळते. दोन वस्तूंच्या जागा मात्र दर वेळी अदलाबदल कराव्यात, कारण पुष्कळ बाळे मान एकाच बाजूला वळवून ठेवतात.

सहाव्या महिन्याच्या पुढे अधिक बारीक निरीक्षण करता येते. या वयात बाळ हात हलतो एवढेच पाहत नाही, हात कशासाठी पुढे आला याकडेही लक्ष देते. दोन खेळणी एकमेकांपासून अंतरावर ठेवावीत आणि दर वेळी त्यातल्या एकाच खेळण्याकडे हात नेऊन ते पकडावे. बाळ कंटाळून नजर फिरवू लागले की खेळण्यांच्या जागा बदलाव्यात. आता एकदा हात जुन्याच जागी, पण नव्या खेळण्याकडे न्यावा आणि एकदा नव्या जागी, पण जुन्याच खेळण्याकडे न्यावा. दोन्ही वेळी बाळ किती वेळ पाहते ते सेकंदांत मोजावे. अमँडा वुडवर्ड यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाताने खेळणे बदलले तेव्हा बाळांनी अधिक वेळ पाहिले, जागा बदलली तेव्हा तितके नाही. हाताऐवजी काठी पुढे आली तेव्हा हा फरक दिसला नाही. एकाच बाळाच्या एकाच फेरीवरून असा फरक दिसेलच असे नाही. संशोधक अनेक बाळांची सरासरी काढतात, आणि घरच्या निरीक्षकाने हे विसरू नये.

कोंबडीच्या पिल्लांचे निरीक्षण

पिल्लांचा मोठा फायदा असा की त्यांच्या अनुभवाचा आरंभ निरीक्षकाच्या हातात असतो. डग्लस स्पॅल्डिंग यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अंड्यातून बाहेर येतानाच पिल्लांच्या डोक्यावर टोपी चढवून, ती काही दिवसांनी काढल्यावर पिल्ले काय करतात हे पाहिले होते, आणि नुकतीच चालू लागलेली पिल्ले कोणत्याही हलत्या वस्तूमागे जातात हेही नोंदवले होते. टोपीची गरज नाही. उबवणयंत्र एकविसाव्या दिवसापर्यंत अंधारात ठेवता आले की पुरते. मात्र अंधार अठराव्या दिवसापूर्वीच करावा. शेवटच्या दिवसांत भ्रूण असे वळलेले असते की त्याचा उजवा डोळा कवचाकडे आणि डावा शरीराकडे असतो, आणि कवचातून शिरणारा उजेड मेंदूच्या दोन बाजूंच्या वाढीत फरक घडवतो.

पिल्लू बाहेर आले आणि सुकले की ते अंधारातच, ऊब राखून, निरीक्षणाच्या पेटीपर्यंत न्यावे. पेटी लांबट असावी, तळाशी घसरणार नाही असे कापड असावे, आणि तिचे खडूने तीन भाग करावेत. दोन्ही टोकांना अगदी सारखे दोन लाल चेंडू दोऱ्याने टांगावेत. एक चेंडू एकाच वेगाने इकडून तिकडे न्यावा; दुसरा तेवढ्याच अंतरात न्यावा, पण मध्येच त्याचा वेग वाढवावा आणि पुन्हा कमी करावा. चेंडू हलवणारा माणूस आडोशामागे असावा. पिल्लाला मधल्या भागात ठेवून, सहा मिनिटांत ते कोणत्या टोकाच्या भागात किती वेळ थांबले हे घड्याळ लावून मोजावे. वेगात बदल करणाऱ्या वस्तूकडे अननुभवी पिल्लांचा कल असल्याचे ओर्सोला रोझा-साल्वा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले आहे. प्रत्येक पिल्लाची फक्त पहिली भेट मोजावी, कारण त्या सहा मिनिटांतही ते शिकत असते, आणि पुढच्या पिल्लाच्या वेळी चेंडूंच्या जागा बदलाव्यात.

जॉर्जो वालोर्तिगारा, लुचिया रेगोलिन आणि फाबियो मार्कोनातो यांच्या २००५ मधल्या प्रयोगाचा निकाल येथे आठवावा. अंधारात जन्मलेली पिल्ले ठिपक्यांच्या सजीव हालचालीकडे गेली, आणि ती हालचाल कोंबडीची नसून मांजराची होती तरीही गेली. ज्याच्यापासून पुढे पळायचे त्या मांजराकडे पिल्लू जाते, याचा अर्थ त्याची जन्मजात ओढ अतिशय ढोबळ आहे. अंगणात सर्वांत आधी दिसणारी सजीव वस्तू बहुधा आईच असते, त्यामुळे निसर्गाला एवढा ढोबळपणा परवडतो, आणि आईचा रंग, आकार, चालण्याची ढब हे तपशील पिल्लू पहिल्या दोन-तीन दिवसांत पाहूनच शिकते.

पिल्लांची काळजी हा पद्धतीचाच भाग आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पोटातल्या बलकावर ती सुरुवातीचा काळ काढू शकतात, तरी निरीक्षण आटोपताच त्यांना पाणी, दाणा आणि इतर पिल्लांची सोबत द्यावी. एकटे पिल्लू मोठ्याने, सतत ओरडू लागले तर घड्याळाकडे न पाहता थांबावे. काम शाळेत किंवा महाविद्यालयात होणार असेल तर प्राण्यांवरील प्रयोगांना मान्यता देणाऱ्या समितीची परवानगी आधी घ्यावी.

मांजर, कुत्रा आणि इतर

मांजराची पिल्ले साधारण एक-दोन आठवड्यांनी आणि कुत्र्याची सुमारे दोन आठवड्यांनी डोळे उघडतात. तोवर ऊब, वास आणि स्पर्श हेच त्यांचे मार्गदर्शक असतात. त्यामुळे दृष्टीचे निरीक्षण डोळे उघडल्यावरच सुरू करावे आणि पिल्लांना आईपासून दूर नेऊ नये. गाय किंवा शेळी यांची पिल्ले डोळे उघडे ठेवूनच जन्मतात आणि लवकरच उभी राहतात. तेथे माणसाने वाटेत न येता लांबून पाहणेच योग्य. माशांमध्ये झेब्राफिशची लहान पिल्ले माशाप्रमाणे थांबत-थांबत झेपावणाऱ्या एकाच ठिपक्यामागे जातात, असे योहानेस लार्श आणि हेर्विग बायर यांनी २०१८ मध्ये दाखवले आहे. येथे आकाराची गरजच उरली नाही, केवळ लय पुरली.

नोंदीचा अर्थ लावताना

नोंदवहीत दोन रकाने ठेवावेत. पहिल्यात फक्त दिसलेले लिहावे: "नजर उजवीकडे साधारण अर्ध्या वाटेपर्यंत गेली, मान वळली नाही." दुसऱ्यात अर्थ लिहावा, आणि तोही नंतर, फेरीचा प्रकार उघड झाल्यावर. "बाळाला चेहरा आवडला" हे वाक्य पहिल्या रकान्यात येता कामा नये. वय दिवसांत लिहावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेले वयही लिहावे.

वयाप्रमाणे अपेक्षा बदलतात. रॉबर्ट फॉक्स आणि सिंथिया मॅकडॅनियल यांना १९८२ मध्ये चार आणि सहा महिन्यांच्या बाळांत ठिपक्यांच्या सजीव हालचालीची आवड आढळली, दोन महिन्यांच्या बाळांत आढळली नाही. आणि दोन दिवसांच्या बाळांचा निकाल वर आलाच आहे. म्हणजे ही क्षमता सरळ रेषेत वाढत जात नाही. एमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दोन वर्षांच्या स्वमग्न मुलांचे लक्ष सजीव हालचालीकडे तितकेसे वळत नाही असे दाखवल्यापासून अनेक पालक या विषयाकडे काळजीने पाहतात. घरच्या कार्डावरून किंवा एखाद्या खेळण्यावरून स्वमग्नतेचे निदान होत नाही, होऊ शकत नाही. मात्र तीन महिने पूर्ण होऊनही बाळ जवळच्या चेहऱ्यावर नजर स्थिर करत नसेल, हलत्या वस्तूमागे डोळे नेत नसेल, प्रतिसाद म्हणून हसत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर कोणत्याही वयात, त्याच दिवशी दाखवावे, आणि त्या वेळी नोंदवही बरोबर न्यावी, कारण तारखांसह लिहिलेला पहिला रकाना डॉक्टरांच्या खरोखर उपयोगी पडतो.